महाराजांची उजवी बाजू

माझ्या मावशीला टांकसाळीत सगळे टाचणी म्हणायचे. अंगाने बारीक, आणि बोलायला लागली की टोचायची, म्हणून. हे नाव तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे. "टाचणी आहे म्हणून तुमचे कागद जागेवर आहेत," असं ती मोठ्या साहेबांना तोंडावर सांगायची.

तिचं काम नाण्यांचे ठसे कोरायचं. नाण्यावर जो चेहरा उमटतो तो आधी ती ताटाएवढ्या प्लास्टरवर घडवायची. मग यंत्राने तो लहान करून पोलादावर घेतला जाई, आणि त्या बोटभर पोलादावर डोळ्याला भिंग लावून ती शेवटचा हात फिरवायची. पापणी, कानामागची बट, ओठाची कड. असलं काम करणारी त्या टांकसाळीत ती पहिलीच बाई. ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही, कारण तिच्या मते ते सगळ्यांना माहीतच असायला हवं होतं.

मावशीने लग्न केलं नव्हतं. ती आमच्याकडेच राहायची. वरच्या मजल्यावरची भरपूर उजेडाची खोली तिची. आई तिच्यापेक्षा मोठी, पण घरात हुकूम चालायचा मावशीचा.

मी कॉलेजात होते तेव्हा आईच्या तोंडावरून वारं गेलं. सकाळी चूळ भरताना उजव्या कोपऱ्यातून पाणी गळायला लागलं, आणि आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा झोपलेला. डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची शीर आहे, येईल ताळ्यावर. बरंचसं आलंही. पण उजवा डोळा जरा बारीक राहिला आणि ओठाचा कोपरा खाली उतरला तो उतरलाच. मावशी रोज सकाळी तिचे गाल चोळून द्यायची, फुगा फुगवायला लावायची, शीळ घालायला लावायची. आई सगळं निमूट करायची. पण कुणी कॅमेरा काढला की तिला नेमकं स्वयंपाकघरात काहीतरी उतू गेल्याचं आठवायचं.

त्याच सुमारास बातमी आली की महाराज आमच्या शहरात येणार. नदीवरच्या नव्या पुलाचं उद्घाटन, आणि मग टांकसाळीला भेट. त्या भेटीची आठवण म्हणून सोन्याचं नाणं पाडायचं ठरलं. एका बाजूला पूल, दुसऱ्या बाजूला महाराज. पहिलं नाणं ते स्वतः यंत्राचं बटण दाबून पाडणार आणि मग ती नाणी पाहुण्यांना वाटली जाणार. पुलाची बाजू मावशीच्या हाताखालच्या कारागिराकडे गेली. महाराजांची अर्थातच मावशीकडे.

राजवाड्याच्या कारभाऱ्यांनी एक फोटो पाठवला. मावशीने तो संध्याकाळी घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"हा केव्हाचा असेल?" तिने आईला विचारलं.

आईने चष्मा लावला. "राज्याभिषेकाचा असेल गं. केवढे काळेभोर केस!"

"मग आत्ताचा का नाही पाठवला?"

महाराज बऱ्याच महिन्यांत कुणाला दिसले नव्हते. आजारी आहेत एवढंच छापून यायचं. मावशीने राजवाड्याला कळवलं, ताजा फोटो पाठवा. उत्तर आलं, दिलेल्या फोटोवर भागवावं. तिने पुन्हा कळवलं, फोटोवर भागत नाही, माणूस बघायला हवा. मोठे साहेब तिला म्हणाले, "अहो, का उगाच? फोटो आहे, पगार आहे, कोरा आणि मोकळ्या व्हा."

"साहेब, न पाहिलेलं तोंड मी कोरत नाही. दुसऱ्याला सांगा."

दुसऱ्याला सांगायची साहेबांची तयारी नव्हती, कारण मावशीसारखा हात दुसरा नव्हता. ती राजवाड्याच्या इतकी हात धुवून मागे लागली की शेवटी तिकडून थोडा वेळ द्यायचं कबूल झालं.

तिथे काय झालं ते तिने त्याच दिवशी आम्हाला सांगितलं, आणि नंतरही अनेकदा सांगितलं. त्यात एक शब्द इकडचा तिकडे होत नसे.

खोली मोठी होती, खिडकी उंच. महाराज खिडकीशी खुर्चीवर बसले होते, डावा गाल मावशीकडे करून. कारभारी हातात घड्याळ धरून उभे. मावशीने कागद मांडीवर घेतला, पेन्सिल काढली आणि म्हणाली, "महाराज, नाण्यावर उजवी बाजू येते."

कारभारी खाकरले. "बाई, तुम्हाला फोटो दिलेला आहे."

"फोटोतल्या गृहस्थांना जाऊन खूप वर्षं झाली," मावशी म्हणाली. "मला आत्ताचे हवेत."

कारभारी तिला थांबवायला पुढे सरसावले. महाराज मात्र हसले. हसले ते अर्ध्याच चेहऱ्याने, आणि लगेच त्यांचा हात तोंडावर गेला.

मावशीने तो हात ओळखला. आमच्या घरात तो रोज दिसत होता.

"हात काढा, महाराज. माझ्या बहिणीचं असंच झालंय. तीही असाच हात लावते आणि मी रोज तिला ओरडते."

"ऐकते ती?"

"नाही."

"मग मी का ऐकावं?"

"तिला नाण्यावर यायचं नाहीये. तुम्हाला यायचंय."

महाराजांनी कारभाऱ्यांकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि मग खुर्चीसकट वळून बसले. उजवा डोळा बारीक झालेला, गाल सैल, ओठाची कड उतरलेली. मावशीने चित्र काढायला सुरुवात केली. मध्येच त्यांनी विचारलं, "तुमच्या बहिणीला शीळ घालता येते का आता?"

"वाकडी येते. पण सुरात असते."

"मलाही नर्स शीळच घालायला लावते," महाराज म्हणाले. "राजाने शीळ घालणं बरं दिसत नाही असं मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, राजाने सूप सांडणं त्याहून वाईट दिसतं."

वेळ संपली असं कारभारी सांगायला लागले, तेव्हा महाराजांनीच त्यांना हाताने थांबवलं.

घरी आल्यावर मावशीने आईला वरच्या खोलीत बोलावलं. "बस इथे. उजेडाकडे तोंड कर. ती शीर कुठे ओढते आणि कुठे सोडते, ते मला नीट बघायचंय. महाराजांना काही रोज बसवता येणार नाही."

"माझं थोबाड काय राजासारखं आहे?"

"उजव्या बाजूने आहे."

आई चिडून खाली निघून आली. दुसऱ्या दिवशी मात्र आपणहून वर गेली. कित्येक सकाळी ती तिथे बसायची आणि मावशी तिच्या गालाकडे, ओठाकडे, पापणीकडे इतकी रोखून बघायची की आईला आधी लाज वाटायची, मग हसू यायचं, मग काहीच वाटेनासं झालं. मला एकदा म्हणाली, "महाराजांच्या निमित्ताने का होईना, कुणीतरी माझ्याकडे धड बघितलं. बाकी सगळे बघतात आणि पटकन दुसरीकडे बघतात."

त्या बाकीच्यांत मीही होते.

प्लास्टरचा नमुना तयार झाला तेव्हा पहिल्यांदा तो आईने पाहिला. खूप वेळ पाहिला. त्यात काही लपवलं नव्हतं. ओठाची कड खाली होती, डोळा अर्धा मिटलेला होता, आणि तरी तो माणूस असा दिसत होता की आता काहीतरी शहाणपणाचं बोलेल.

"वाईट दिसत नाही गं हे," आई म्हणाली.

"वाईट दिसतं असं मी कधी म्हटलं?"

"मग माझंही..."

"तुझं नाक जरा बसकं आहे. बाकी ठीक आहे."

त्या महिन्यात बाबांच्या वाढदिवसाला सगळे जमले. फोटोची वेळ आली तेव्हा आई पदर नीट करून स्वतःच मधोमध येऊन उभी राहिली, आणि बाबांनाच म्हणाली, "तुम्ही जरा बाजूला सरका."

टांकसाळीत मात्र मोठ्या साहेबांनी नमुना पाहिला आणि घाईघाईने त्यावर कापड टाकलं. तो राजवाड्यावर गेला आणि दुसऱ्याच दिवशी कारभाऱ्यांच्या शेऱ्यासह परत आला: नामंजूर. जुन्या फोटोवरून नवीन करावा. मावशी तो करणार नाही हे उघड होतं, म्हणून काम हाताखालच्या कारागिराकडे गेलं. तो बिचारा मान खाली घालून मावशीसमोर उभा राहिला.

"बाई, माझा नाइलाज आहे."

"कर की. तुझा हात चांगला आहे. फक्त कानाची पाळी जाड करतोस, तेवढं सांभाळ."

आणि मग ती मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, माझाही ठसा मी पुरा करणार आहे. शेजारच्या यंत्रावर बसवू. महाराज येतील तेव्हा दोन्ही दाखवू. तोंड त्यांचं आहे, त्यांना ठरवू दे."

साहेबांनी उठून दार लावून घेतलं. "आणि माझी नोकरी?"

"काही झालं तर मी सांगेन, मी हट्ट केला. ते कुणालाही पटेल."

"बरं, मग मला यातलं काही माहीत नाही असं समजा."

"तसं नको. तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही परवानगी दिलीत, असंच समजू. उद्या महाराज खूश झाले तर कौतुक तुमच्या वाट्याला नको यायला?"

साहेबांनी याचा विचार केला. कौतुक त्यांच्या वाट्याला फारसं कधी आलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून हलवली असं मावशीने धरलं.

भेटीच्या दिवशी यंत्रांची खोली आरशासारखी घासली होती. तेलाचा वास तेवढा गेला नव्हता. महाराज आले, बरोबर राणीसाहेब, मागे कारभारी. महाराजांनी पहिल्या यंत्राचं बटण दाबलं. धप्प असा आवाज झाला आणि नाणं ताटलीत पडलं. त्यांनी ते उचलून पाहिलं.

"सुंदर आहे. कोण हे?"

"आपणच, महाराज," मोठे साहेब कसेबसे म्हणाले.

"असं होय."

तेवढ्यात मावशी पुढे झाली. "शेजारच्या यंत्रावरही एक आहे, महाराज."

कारभारी मध्ये आले. महाराज त्यांना वळसा घालून दुसऱ्या यंत्रापाशी गेले आणि त्यांनी बटण दाबलं. ते नाणं घेऊन ते खिडकीशी गेले. कुणी श्वास घेत नव्हतं. मावशी घेत होती. ती म्हणते, मला माहीत होतं काम चांगलं झालंय, श्वास कशाला रोखायचा?

महाराजांनी राणीसाहेबांना हाक मारली आणि नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. राणीसाहेबांनी एकदा नाण्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"हे तुम्ही," त्या म्हणाल्या. "सकाळी चहा घेताना असेच दिसता."

महाराजांनी नाणं त्यांच्या तळहातावरून परत उचललं. मग म्हणाले, "पाहुण्यांना पहिलंच द्या. त्यांना सवयीचा चेहरा बरा. या ठशाची मूठभरच पाडा. ज्यांनी मला या दिवसांत पाहिलं आणि तोंड फिरवलं नाही, त्यांना मी ती माझ्या हाताने देणार आहे."

दुसरी कुणी असती तर हरखून गेली असती. मावशीला राग आला.

"मूठभर? सगळ्यांनाच दाखवा की, महाराज."

"तुमची बहीण फोटो काढून घेते का?" त्यांनी विचारलं.

"घेते. याच महिन्यापासून."

"मग मलाही थोडा वेळ द्या."

ती वेळ आली नाही. महाराज पुढे काही वर्षांनी गेले, आणि तोवर सगळ्या नाण्यांवर तेच काळ्याभोर केसांचे गृहस्थ राहिले. मावशीला तिच्या नाण्यांतलं एकही मिळालं नाही. तिने मागितलंही नाही. प्लास्टरचा नमुना आईच्या खोलीत भिंतीवर होता, तेवढं तिला पुरे होतं.

मावशी निवृत्त झाली. केस पिकले, पण हात थरथरत नव्हता. एक दिवस दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात एक धिप्पाड बाई उभ्या होत्या, पायात पांढरे बूट, हातात रुमालाची पुरचुंडी.

"टांकसाळीतल्या कोरीवकाम करणाऱ्या बाई इथेच राहतात का? टांकसाळीत विचारत विचारत आले."

"राहते. तुम्ही?"

"मी महाराजांची नर्स होते. शीळ घालायला लावणारी."

मावशीने त्यांना हाताला धरूनच आत आणलं. नर्सबाईंनी रुमाल सोडला. आत नाणं होतं. मावशीने ते इतक्या वर्षांनी पाहिलं. भिंगसुद्धा मागितलं नाही, नुसतं ओठाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"विकायला नेलं होतं. जुन्या नाण्यांचा व्यापारी म्हणतो, खोटं आहे. मी त्याला म्हटलं, अहो, ज्याचं तोंड आहे त्याच्या हातून घेतलंय मी. तर तो नुसता गोड हसला. बाई, विकलं नाही गेलं तरी चालेल, पण मला खोटं पाडलेलं नाही चालायचं."

"चपला घालते," मावशी म्हणाली.

मीच त्यांना गाडीतून घेऊन गेले. व्यापाऱ्याचं दुकान छोटं आणि नीटनेटकं होतं. काचेचं टेबल, दिवा, तराजू, मखमलीचा तुकडा. माणूस सभ्य होता. त्याने नीट समजावून सांगितलं: सोनं खरं आहे, वजन बरोबर आहे, पुलाची बाजूही जुळते. पण त्या भेटीची जेवढी नाणी त्याने पाहिली होती त्या सगळ्यांवर चेहरा निराळा होता. "हा चेहरा बिघडलाय. नकला करणाऱ्यांना चेहरा जमत नाही."

"बिघडलेला नाही. आहे तसा आहे," मावशी म्हणाली. "मी कोरलाय."

त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "माझा तुमच्यावर विश्वास बसतोय, बाई. पण लिलावात घेणारा माणूस विश्वासावर घेत नाही. काहीतरी दाखवावं लागेल."

"रास्त आहे," मावशी म्हणाली. "फोन द्या."

तिने टांकसाळीला फोन लावला. तिथला मोठा साहेब आता तोच होता, तिच्या हाताखालचा कारागीर. ती एवढंच म्हणाली, "माझा ठसा कपाटात असेल. घेऊन ये." तो कामं टाकून आला. कापडात गुंडाळलेला ठसा त्याने टेबलावर ठेवला आणि व्यापाऱ्याने भिंगाखाली नाणं आणि ठसा शेजारी शेजारी धरले. पापणी, बट, ओठाची कड. सगळं आरशातल्यासारखं उलटं, पण तंतोतंत.

"दोन यंत्रं होती त्या दिवशी," साहेब म्हणाला. "एकावर माझा ठसा, एकावर यांचा. माझी नाणी तुम्हाला ढिगाने मिळतील. कुणाच्या कपाटात नाहीत ते सांगा. हे मात्र मीही त्या दिवसानंतर आज पाहतोय." मग हळूच मावशीला म्हणाला, "कानाची पाळी माझी जाडच झाली होती, बाई."

"माहीत आहे मला."

व्यापारी उभा राहिला. त्याने आधी नर्सबाईंची माफी मागितली, आणि माफी मागताना नाणं दोन्ही हातांत धरलं होतं.

गाडीत मी नर्सबाईंना विचारलं, "आता नाही ना विकणार?"

"विकणार तर! महाराज देताना म्हणाले होते, पेटीत कोंडू नकोस, उपयोग कर. मला तळमजल्यावर एक खोली घ्यायचीये. ज्यांच्या तोंडावरून वारं गेलंय त्यांना व्यायाम शिकवायला. दवाखान्यात कुणाला वेळ असतो?"

"बरोबर आहे," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात जरासुद्धा हळहळ नव्हती.

लिलावाला आम्ही सगळे गेलो. आई पुढच्या रांगेत बसली. बोली चढत गेली तशी नर्सबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही तो दुखत होता. नाणं शेवटी संग्रहालयाने घेतलं. तिथल्या बाई वही काढून आमच्याकडे आल्या.

"महाराज पेशंट म्हणून कसे होते हो?"

"गोळ्या उशीखाली लपवायचे," नर्सबाई म्हणाल्या. "हे लिहू नका हं."

"लिहा," मावशी म्हणाली.

संग्रहालयाने ते काही लिहिलं नाही. नर्सबाईंची खोली मात्र हिवाळा संपायच्या आत सुरू झाली. पहिल्या सकाळी आई आणि मावशी दोघी फुलं घेऊन गेल्या, तर बाहेरच्या बाकावर माणसं आधीच येऊन बसली होती. एक बसचालक होता, गळ्यातला मफलर नाकापर्यंत ओढून घेतलेला. आई त्याच्याशेजारी जाऊन बसली, आणि नर्सबाईंनी आत बोलवेपर्यंत दोघांच्या गप्पा इतक्या रंगल्या की बोलता बोलता त्याने मफलर कधी काढला ते त्यालाही कळलं नाही.